घटीची लादी

एसीवाल्याने अंतर मोजणारं लाल ठिपक्याचं यंत्र खिशात टाकलं, हॉलच्या चारही भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "मावशी, इथे साधारण माणसं किती असतात?"

"आठ," माई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "नऊ धर."

थोरल्याने मोबाइलमधून मान वर केली. "नववं कोण?"

"घट."

थोरला हसला, मधली हसली, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून शेंडेफळही हसलं. सूनबाई तेवढी हसली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा कारखाना विकायची बोलणी सुरू झाली होती, त्यामुळे हा शब्द तिच्या कानांवर कधी पडलाच नव्हता. एसीवाला बिचारा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला.

मधलीने त्याला सांगितलं, "आमचा बर्फाचा कारखाना होता. दहा लाद्यांची मागणी आली की गाडीत अकरा भरायच्या. वाटेत वितळून जे जाईल ते अकरावीतून भरून निघायचं. तिला घटीची लादी म्हणायचे. माईने ती सवय घरात आणली. चार पाहुणे येणार म्हटले की स्वयंपाक पाचांचा."

"आणि पाचवा कधी यायचा नाही," थोरला पोटावरून हात फिरवत म्हणाला. "हे सगळं घटीचं आहे."

"मग आठ धरू की नऊ?"

"आठ धरा," थोरला म्हणाला.

"अरे, पण आठ तरी कुठले?" शेंडेफळ फोनमधून म्हणालं.

फोनमधला आवाज दुरून येतो, त्यामुळे तो ऐकू आला नाही असं दाखवणं सगळ्यांनाच सोपं गेलं.

माईंनी बोटांवर मोजूनच आठ सांगितले होते. थोरला, सूनबाई, त्यांची दोन मुलं. मधली. शेंडेफळ आणि त्याची बायको. आणि त्या स्वतः. कुणाला जबरदस्तीने घुसडलेलं नव्हतं.

या घरात एसी कधी आला नाही तो माईंच्या यजमानांमुळे, अप्पांमुळे. "बर्फावर पोसलेलं घर आपलं," ते म्हणायचे, "आणि गारवा काय दुकानातून आणून भिंतीला टांगायचा?" कारखाना होता तोवर ते खपूनही जायचं. अंगणापलीकडे गोठवणखोली होती, तिच्या भिंतीला पाठ लावून बसलं की दुपार निघायची. मग कारखाना विकला गेला. घेणाऱ्याने तो पाडून तिथे मोटारी उभ्या करायची जागा केली. आता दुपारी पन्नासेक गाड्यांचे टप ऊन झेलायचे आणि ते सगळं हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर परतवायचे.

तेव्हापासून जो तो उकाड्याचं बोलू लागला. थोरल्याच्या मुलांना दोन दिवसांत घामोळं आलं आणि आठवड्यासाठी आलेली मंडळी तिसऱ्या दिवशी निघाली. मधली याच शहरात राहत होती, पण येऊन तासभर टेकायची आणि पदराने वारा घेत म्हणायची, "माई, तुझ्या हॉलमध्ये बसवत नाही गं." शेंडेफळाने तर दूरदेशी घर केलेलं. त्याची बायको थंड मुलखातली. "ती तिथे वितळून जाईल, माई," तो म्हणायचा, आणि हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की माईंच्या डोळ्यांसमोर खरोखरच एक गोरीपान मुलगी कडेकडेने वितळताना यायची.

गेल्या उन्हाळ्यानंतर अप्पा गेले. नातेवाईक पांगले, आणि माईंनी पुष्कळ दिवस एकाच गोष्टीचा विचार केला. अडचण उकाड्याची आहे. उकाडा काढून टाकता येतो. त्यांनी विम्याचे आलेले पैसे बाजूला ठेवले, शिंप्याकडून उशांचे नवे अभ्रे शिवून आणले, गाद्या गच्चीत वाळवून हॉलमधल्या पेटाऱ्यात रचल्या, आणि मग मुलांना कळवलं की एसी घ्यायचा आहे, एका रविवारी सगळे या. थोरला चक्क आला. सूनबाईलाही घेऊन आला. मुलांची परीक्षा होती, म्हणून मुलं आली नाहीत.

"आठ माणसं," एसीवाला म्हणाला, "पश्चिमेची भिंत, वर उघडी गच्ची, तीन खिडक्या. दोन टनांच्या खाली हा हॉल गार होणार नाही, साहेब. दीड टन घ्याल तर तो दिवसभर धापा टाकत चालेल, बिल दोन टनांचं येईल आणि वर मलाच शिव्या द्याल."

टन हा शब्द ऐकून माईंना बरं वाटलं. सकाळपासूनच्या बोलण्यात तेवढा एक शब्द त्यांच्या ओळखीचा होता. लग्नानंतर अप्पांनीच त्यांना सांगितलं होतं, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो तेवढी ताकद म्हणजे एक टन. दोन टन म्हणजे त्यांच्या कारखान्यातल्या चौदा-पंधरा मोठ्या लाद्या. रोज एवढ्या लाद्या या हॉलमध्ये आणून ठेवल्यासारखं. काही जास्त नाही, त्यांना वाटलं. आठ माणसांना काही जास्त नाही.

"दुकानात लिहिलेली किंमत तीच ना?" थोरल्याने विचारलं.

"ती यंत्राची. बसवणं वेगळं." एसीवाला खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकला. हा त्याचा आवडता भाग असावा. "बसवण्याची ठरावीक रक्कम असते, त्यात तीन मीटर तांब्याची नळी येते. त्यापुढे मीटरवर पैसे. बाहेरचं यंत्र ठेवायला लोखंडी स्टँड वेगळा. भिंतीला भोक पाडायचं वेगळं, आणि तुमची भिंत जुनी दगडी आहे. पाणी जायची नळी. आणि ही वायरिंग..." त्याने पंख्याच्या बटणांकडे पाहिलं आणि आजारी माणसाकडे बघून डॉक्टर करतो तसा चेहरा केला. "ही चालायची नाही. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढायची, तिला स्वतंत्र ब्रेकर. तुमच्याकडे वीज वरखाली होते का?"

"मन मानेल तशी."

"मग स्टॅबिलायझरही."

"म्हणजे नवरीपेक्षा वऱ्हाडच मोठं," सूनबाई म्हणाली.

"यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तर वरचंच होतं, वहिनी. जुनं घर असलं की थोडं पुढेच. लोक दुकानात घासाघीस करून यंत्र घेतात आणि मग आम्ही नळी मोजायला लागलो की त्यांचं तोंड उतरतं. म्हणून मी आधी येऊन बघतो आणि आधी सांगतो. तुम्ही आणखी दोघांना विचारा, पण नळी मीटरला काय भावाने धरली, आणि बसवल्यावर आतला गॅस संपला तर कोण भरणार, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या."

"दादा," शेंडेफळ म्हणालं, "त्या घरात इतका पैसा घालायचा का?"

थोरला फोनकडे वळला. माईंनी श्वास धरला. कारखान्याची जागा विकली तेव्हा थोरल्याने घाई केली असं शेंडेफळाचं म्हणणं, आणि दूर बसून बोलायला काय जातं असं थोरल्याचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपुरतं उरलं होतं. आता पुन्हा ठिणगी पडणार असं त्यांना वाटलं.

"मीही तेच म्हणतोय," थोरला म्हणाला. "भिंतीत गेलेली वायर काही परत काढून नेता येत नाही."

"तेच तर. उद्या घराचं काही ठरलं तर यंत्र नेता येईल. बाकीचं मातीत."

"अगदी बरोबर."

दोन भाऊ इतक्या वर्षांनी एका सुरात बोलत होते. माईंनी कितीदा मनात या क्षणाची वाट पाहिली होती. तो आला तेव्हा विषय असा निघाला की त्यांना आनंद मानता येईना.

"घराचं काय ठरणार आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गं, आपलं बोलायचं म्हणून."

"पैसे माझे आहेत."

"तुझेच आहेत, माई. म्हणून तर वाचवायला बघतोय." थोरला एसीवाल्याकडे वळला. "हॉल राहू दे. मागची खोली बघा. तिची झोपायची. लहान आहे, तिथे एक टनात भागेल ना?"

सगळे उठून मागच्या खोलीत गेले. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. एसीवाल्याने पुन्हा लाल ठिपका भिंतीवर नाचवला. इथे एक टन पुरेल, त्याने सांगितलं, पण खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर होती. बाहेरचं यंत्र तिथे टांगलं तर त्याने टाकलेली गरम हवा जाणार कुठे? तीच पुन्हा ओढून ते गुदमरेल. म्हणजे ते पुढच्या बाल्कनीत ठेवायचं आणि तांब्याची नळी सगळं घर ओलांडून आणायची.

"हॉलला यंत्र मोठं पण नळी छोटी," मधली हिशेब करत म्हणाली, "इथे यंत्र लहान पण नळी लांब. फरक किती पडेल?"

"पडेल, पण वाटतो तेवढा नाही."

"मग हॉललाच बसवा ना," सूनबाई एकदम म्हणाली. "थोडक्यासाठी कशाला कोंबायचं या खोलीत? माईंना हॉलमध्ये हवाय तर हॉलमध्ये. माणसं आली-गेली की सगळ्यांनाच बरं."

माईंनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीशी त्यांचं कधी फार जमलं नव्हतं. थोरल्याला पालकाची भाजी आवडत नाही हे तिने लग्नानंतर महिन्याभरात सिद्ध केलं होतं आणि माईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. आता तिचा हात धरावा असं त्यांना वाटलं. "पेटाऱ्यात गाद्या आहेत," त्या म्हणाल्या. "वाळवून ठेवल्यात. सगळे हॉलमध्येच झोपू शकतील. पूर्वी गच्चीत झोपायचात तसे. अभ्रे नवे शिवलेत."

"अगं माई, आमची काळजी तू नको करूस," थोरला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर मायेचा होता. "आम्ही आलो की हॉटेलात उतरू. आताही तिथेच उतरलोय. तुला या वयात गाद्या काढायच्या, घालायच्या, कशाला तो व्याप?"

"आता हॉटेलात उतरलाय?"

"बॅगा तिकडेच टाकून आलो. हिला जरा मोकळं लागतं." सूनबाईने खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहायला सुरुवात केली. "आणि मुलं आता मोठी झाली, त्यांना त्यांचं इंटरनेट, त्यांच्या खोल्या. हॉलमध्ये ओळीने झोपायचे दिवस गेले, माई."

"त्या हॉटेलात एसी आहे," माई म्हणाल्या.

"आहे की."

"इथेही असेल."

थोरला हसला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातामुळे माईंना कळलं. उकाड्याचं कारण कुणी खोटं सांगितलं नव्हतं. उकाडा होताच. पण तो काढून टाकला तर खाली दुसरं काही निघेल, आणि ते काढलं तर तिसरं. लादीच्या साच्याबाहेर साठलेला बर्फ खरवडत बसावं तसं.

त्या हॉलमध्ये परत आल्या आणि पेटाऱ्यावर बसल्या. बाकीचे दारात घोळका करून यंत्राच्या जातींवर बोलू लागले. इन्व्हर्टरवाला महाग, पण वीज कमी खातो. तो बंद होत नाही, नुसता मंदावतो. साधा स्वस्त, खोली गार झाली की खटकन थांबतो, तापली की पुन्हा सुरू. रोज आठ-दहा तास चालवायचा असेल तर महागातला परवडतो, एसीवाला म्हणाला, एरवी जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातात.

"ती चालवून चालवून किती चालवणार?" शेंडेफळ म्हणालं. "साधा घ्या."

"साधाच," थोरला म्हणाला. भावाभावांचं आज फारच जमत होतं.

मधली येऊन माईंशेजारी पेटाऱ्यावर बसली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. लहानपणी ती गोठवणखोलीत थर्मामीटर घेऊन हिंडायची आणि कामगारांना प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने इथे राहायला यावं असं माईंना वाटलं होतं. तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कारण उकाडा.

"तुला अजून हॉलमध्येच हवाय का?" तिने हळू आवाजात विचारलं. "तू म्हणशील तर मी दोघांशी भांडते. मला काही नवीन नाही."

"तुझं काय मत?"

मधलीने उत्तर द्यायला वेळ घेतला. माईंना तिची ही सवय आवडायची. ती उगाच गोड बोलायची नाही.

"हिशेबात माणूस म्हणजे एक छोटी शेगडीच असते, माई. नुसतं बसलेलं माणूसही शंभर वॉटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता सोडतं. त्या आठ शेगड्या धरून यंत्र मोठं घ्यायचं. पण शेगड्या आल्याच नाहीत, ऊनही उतरलेलं असलं, तर काय होतं? मोठं यंत्र चार मिनिटांत हवा गार करतं आणि थांबतं. हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. तू एकटी बसलेली असशील. खोली गार असेल आणि अंग चिकट. तळघरात बसल्यासारखं. आठ जणांसाठी घेतलेलं यंत्र एकाला नीट सांभाळत नाही."

माईंनी मान हलवली. यात त्यांना न समजण्यासारखं काही नव्हतं. घाईने गोठवलेली लादी पांढरी निघायची, मधे हवा अडकून राहायची, आणि गिऱ्हाईक ती परत पाठवायचं. आरपार दिसणारी लादी हवी तर गारवा पाण्याच्या मापाने, सावकाश द्यावा लागायचा. चाळीस वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं.

"तू येशील का गं राहायला?" त्यांनी विचारलं. "गार झाल्यावर?"

मधली पेटाऱ्याच्या कडीशी खेळत राहिली. "येत जाईन," ती म्हणाली.

राहीन आणि येत जाईन यांत किती अंतर आहे ते माईंनी तिला समजावलं नाही. तिला माहीत होतं, म्हणून तर तिने शब्द निवडून घेतला होता.

त्या उठल्या. "मागच्या खोलीत बसवा," त्या एसीवाल्याला म्हणाल्या. "एक टन. साधा."

सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. सूनबाईने चहाचं आधण ठेवलं, थोरला फोन हातात घेऊन शेंडेफळाला आपली नवी गाडी दाखवायला बाल्कनीत गेला, आणि दोघं हसताना ऐकू येऊ लागले. एसीवाला आपल्या मोबाइलवर बोटं चालवत होता.

"कंपनीला कळवावं लागतं, मावशी," तो म्हणाला. "मागची खोली, एक खिडकी, सावलीतली भिंत. माणसं किती धरू?"

"एक."

"एकच? की..." तो हसला. सकाळची गंमत त्याच्या लक्षात होती. "घट धरू का?"

"नको," माई म्हणाल्या. "माल कुठे पाठवायचा असेल तर घट धरायची. हा इथेच राहणार आहे."

पुढच्या आठवड्यात यंत्र बसलं. दोन माणसं आली, भिंतीला भोक पाडताना घरभर धूळ झाली, तांब्याची नळी पांढऱ्या वेष्टनात गुंडाळून हॉलच्या छताखालून मागच्या खोलीपर्यंत गेली. आठ जणांच्या हॉलमधून ती कुठेही न थांबता गेली होती. माणसांनी पैसे घेतले, रिमोट कसा वापरायचा ते दोनदा सांगितलं, जाळी महिन्यातून एकदा धुवा म्हणाले आणि गेले.

माईंनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बटण दाबलं.

बाल्कनीतलं यंत्र घरघरलं. तो आवाज नळीतून, भिंतीतून, सगळं घर ओलांडून त्यांच्यापर्यंत आला आणि माई पलंगावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. हा कॉम्प्रेसरचा आवाज होता. कारखान्यातला याच्या शंभरपट मोठा असेल, पण जात तीच. लग्न होऊन आल्या त्या रात्रीपासून तो त्यांच्या उशाशी होता. मुलं त्यातच जन्मली, त्यातच निजली. तो चालू असेपर्यंत कुणाला ऐकू यायचा नाही. बंद पडला की सगळं घर दचकून जागं व्हायचं आणि अप्पा कंदील घेऊन अंगणातून धावत सुटायचे.

मधलीचा फोन आला. "होतंय ना गार?"

"होतंय."

"दार लावून घे हं. नाहीतर बाहेरची गरम हवा आत येते आणि यंत्र उगाच चालत राहतं."

"लावलंय."

"आणि पांघरूण घे."

"घेते."

"मी येते एक दिवस."

"ये," माई म्हणाल्या.

खोली छान गार झाली. अंग कोरडं होतं, चादरीचा स्पर्श हवाहवासा. माप अगदी बरोबर होतं. मधलीचं खरं होतं, आणि एसीवाल्याचंही. एका माणसाला जेवढं हवं तेवढंच, थेंबभरही जास्त नाही.

मग खटकन आवाज झाला आणि यंत्र थांबलं.

माई दचकून उठल्या. त्यांचा एक पाय जमिनीवर टेकलाही होता. अंगण, कंदील, धावणारी पावलं, सगळं क्षणभर होतं आणि मग नव्हतं. काही बिघडलेलं नव्हतं. खोली गार झाली होती, इतकंच. नळीतलं काहीतरी टिकटिक करत निवत गेलं आणि मग तेही संपलं.

त्या काही वेळ तशाच बसल्या. पुन्हा सुरू होईल म्हणून वाट पाहिली. पण भिंत सावलीतली होती, खोलीत एकच शेगडी होती आणि तीही विझत आलेली. यंत्राला घाई नव्हती.

मग त्या उठल्या. कपाटाखाली कारखान्यातला बर्फ उचलायचा लोखंडी चिमटा पडलेला होता. विकायच्या सामानातून तेवढा एक त्यांनी मागे ठेवला होता. त्यांनी दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून तो चिमटा फटीत अडकवला.

हॉलमधला उकाडा दारात क्षणभर अडखळल्यासारखा झाला आणि आत आला. आधी पावलांना लागला, मग हातांना, मग गालांना. पेटाऱ्यावरून, नव्या अभ्र्यांवरून, पश्चिमेच्या भिंतीवरून, दाटीवाटीने, आठ माणसांचा भरावा तेवढा.

बाल्कनीतलं यंत्र खटकन सुरू झालं. माईंनी पांघरूण घेतलं आणि डोळे मिटले.